विंडोजच्या कार्यालयात लिनक्सची कार्यशाळा

घरातील वाय-फायचा राउटर, चौकातील कॅमेरा, कारखान्यातील यंत्रांच्या नोंदी ठेवणारी पेटी अशा कितीतरी उपकरणांच्या पोटात आज एक लहानसा संगणक दडलेला असतो आणि त्यांपैकी पुष्कळांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतली, तेव्हा ती मेजावरील संगणकासाठी होती. पुढे ती उपकरणांत शिरली. उपकरणात बसवलेल्या तिच्या या रूपास एम्बेडेड लिनक्स असे म्हणतात.

परंतु ज्या कार्यालयात अशा उपकरणांची रचना होते, तेथील मेजांवर बहुधा विंडोज असते. पत्रव्यवहार, हिशेब, मंडलांची रेखाचित्रे, यांत्रिक आराखडे ही सर्व कामे विंडोजवर चालतात. संगणकांची देखभाल करणारा विभागही तीच प्रणाली जाणतो. यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. ज्याला लिनक्सचे उपकरण घडवावयाचे आहे, त्याने आपली कार्यशाळा मांडावी तरी कोठे? वरवर पाहता हा एका माणसाच्या सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याचा संबंध त्या उपकरणाच्या साऱ्या आयुष्याशी आहे.

यजमान आणि लक्ष्य

मेजावरील संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली सामान्यतः त्याच जातीच्या संगणकावर तयार होते व चालते. उपकरणाची गोष्ट वेगळी आहे. उदाहरण म्हणून बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ. शिकण्यासाठी व नमुना-उपकरणे तयार करण्यासाठी तो वापरला जातो. त्यावर आर्म जातीचा, १ गिगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर असून स्मृती ५१२ मेगाबाइट आहे. एवढ्या लहान यंत्रावर संपूर्ण प्रणाली तयार करणे अतिशय वेळखाऊ ठरते. म्हणून ती मेजावरील शक्तिमान संगणकावर तयार करतात आणि मग बोर्डावर चढवतात. मेजावरच्या संगणकास यजमान आणि बोर्डास लक्ष्य म्हणतात.

दोहोंच्या प्रोसेसरांची भाषा निराळी असल्यामुळे येथे क्रॉस-कंपायलर लागतो. तो चालतो यजमानावर, परंतु आज्ञा तयार करतो त्या लक्ष्याच्या भाषेत. शिंपी कपडा शिवतो तो आपल्या दुकानात, आपल्या यंत्रावर. माप मात्र दुसऱ्याचे असते. तसेच हे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पातील जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. एम्बेडेड लिनक्सच्या कामात आजही त्याचा मोठा वापर होतो.

कंपायलर व त्याची सोबतची साधने मिळून जो संच होतो त्याला टूलचेन म्हणतात. या संचाच्या साहाय्याने तीन गोष्टी घडवावयाच्या असतात. पहिली बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच प्रथम जागी होणारी व पुढील सर्वांना जागे करणारी आज्ञावली. यू-बूट ही या वर्गातील सुपरिचित आज्ञावली होय. दुसरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तिसरी रूट फाइल सिस्टिम. तिच्यात नित्याच्या आज्ञा, वाचनालयातील पुस्तकांप्रमाणे सामायिक वापराच्या लायब्रऱ्या आणि उपकरणाचे प्रत्यक्ष काम करणारी आज्ञावली असते. या तिन्ही मिळून उपकरणावर चढवावयाची जी प्रत तयार होते, तिला इमेज असे म्हणतात.

हे सारे हाताने जुळवता येते, परंतु ते कष्टाचे व चुकीला वाव देणारे काम आहे. त्यासाठी २००१ मध्ये सुरू झालेले बिल्डरूट आणि २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने जाहीर केलेला योक्टो प्रकल्प अशी दोन साधने विशेष प्रचारात आहेत. बिल्डरूट आटोपशीर आहे व लवकर समजते. योक्टोचा पसारा मोठा आहे. अनेक प्रकारची उपकरणे एकाच मुळातून घडवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, पण तो मोकळी जागा मागतो ती ९० गिगाबाइट किंवा त्याहूनही अधिक. दोन्ही साधने यजमानावर लिनक्स असल्याचे गृहीत धरतात. अडचणीचा उगम येथेच आहे.

अडचण कोठे येते

पहिली अडचण अक्षरांची आहे. देवनागरीत लहान अक्षर व मोठे अक्षर असा भेद नाही. रोमन लिपीत तो आहे. लिनक्सच्या दृष्टीने लहान अक्षरांतील नाव व मोठ्या अक्षरांतील तेच नाव ही दोन वेगळी नावे होत. विंडोज नावातील अक्षरे जशीच्या तशी जपते, परंतु नेहमीच्या मांडणीत त्या दोन नावांना एकच मानते. कर्नलमध्ये नेटवर्कवरील संदेश गाळणारा जो विभाग आहे, त्यात अशा जोड्या प्रत्यक्ष आढळतात. लहान अक्षरांच्या नावाची फाइल संदेशावरील खूण तपासते. मोठ्या अक्षरांच्या नावाची फाइल ती खूण बदलते. हा संग्रह विंडोजच्या साध्या फोल्डरमध्ये उतरवला की जोडीतील एकच फाइल उरते. २०१८ पासून विंडोज १० मध्ये एखाद्या फोल्डरपुरता हा भेद पाळण्याची सोय झाली आहे. परंतु ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि तिच्यामुळे पुढील अडचणी दूर होत नाहीत.

दुसरी अडचण नावांचीच, पण जुन्या वारशातून आलेली आहे. डॉसच्या काळात जोडयंत्रांसाठी काही नावे राखून ठेवली होती. ‘ऑक्स’ हे त्यांपैकी एक. विंडोजने तो नियम पुढे चालवला. कर्नलमध्ये मात्र या नावाची फाइल आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया होत असत. गाडा मागे नेणे ही एक आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दुसरी. विंडोजच्या मजकुरात ओळीच्या शेवटी या दोन्ही क्रियांची चिन्हे असतात. लिनक्समध्ये एकच असते. विंडोजवर लिहिलेली आज्ञांची यादी लिनक्सवर चालवावयास गेले असता, पहिल्या ओळीतील नावाला चिकटलेले जादा चिन्ह नावाचाच भाग समजले जाते आणि फाइल समोर असतानाही ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. नवख्या माणसाचा यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

चौथी अडचण फाइलींवरील अधिकारांची आहे. फाइल कोणाची, ती कोणी चालवावी, ती खरी फाइल आहे की दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा, या नोंदी रूट फाइल सिस्टिममध्ये अचूक असाव्या लागतात. विंडोजच्या फोल्डरमधून नेआण करताना त्या हरवतात आणि उपकरण सुरूच होत नाही.

यांत भर पडते ती विषाणुरोधक आज्ञावलीची. कर्नलच्या संग्रहात ७०,०००हून अधिक लहान लहान फाइली आहेत. प्रत्येक फाइल उघडताना तपासली गेली, तर काम रखडणारच. यात देखभाल विभागाचा दोष नाही. तपासणी हे त्याचे कर्तव्यच आहे.

पाच मार्ग

या अडचणींतून वाट काढण्याचे पाच मार्ग प्रचारात आहेत.

पहिला मार्ग म्हणजे विंडोजवरच चालणारा क्रॉस-कंपायलर. आर्म कंपनी असे संच उपलब्ध करून देते. विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण निर्माण करणारे सिगविन हे साधनही १९९५ पासून आहे. तयार इमेजवर चालणारी एखादी आज्ञावली लिहावयाची असेल, तर एवढे पुरते. कर्नल व रूट फाइल सिस्टिम घडवावयाची झाली, की वरील साऱ्या अडचणी एकदम पुढे उभ्या राहतात.

दुसरा मार्ग एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवून सुरू करताना हवी ती निवडण्याचा. यात लिनक्सला यंत्राची सारी शक्ती मिळते. परंतु कार्यालयीन पत्र पाहावयाचे झाले तरी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय तबकडी कुलूपबंद ठेवणारी विंडोजची व्यवस्था सुरुवातीच्या क्रमात बदल झाला की किल्ली मागू लागते. म्हणून सामायिक नियम असलेल्या कार्यालयात हा मार्ग सहसा टिकत नाही.

तिसरा मार्ग आभासी संगणकाचा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये बाजारात आले. विंडोजच्या आत संपूर्ण लिनक्स संगणक चालतो. यूएसबीने जोडलेली उपकरणे त्याच्या स्वाधीन करता येतात, त्याचे नेटवर्क थेट बाहेरच्या तारेशी जोडता येते आणि त्याची संपूर्ण प्रत काढून ठेवता येते. बदल्यात स्मृतीचा व गतीचा काही भाग द्यावा लागतो.

चौथा मार्ग विंडोजनेच खुला केलेला आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएल नावाची सोय आणली. तिची पहिली पिढी लिनक्सच्या मागण्यांचे विंडोजच्या भाषेत रूपांतर करीत असे. योक्टो तिच्यावर चालत नाही. २०२० मध्ये सर्वांना उपलब्ध झालेल्या दुसऱ्या पिढीत खरा लिनक्स कर्नल एका हलक्या आभासी संगणकात चालतो आणि योक्टोही चालतो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. सारे काम लिनक्सच्या स्वतःच्या जागेत करावे, विंडोजच्या ड्राइव्हवर करू नये. तेथे ते फार मंद होते. तसेच यूएसबीसाठी वेगळे साधन बसवावे लागते आणि नेहमीच्या मांडणीत नेटवर्क पडद्याआड असल्याने बोर्डाला यजमानापर्यंत थेट पोहोचता येत नाही.

पाचवा मार्ग स्वतंत्र लिनक्स संगणकाचा. तो कोपऱ्यात उभा राहतो, त्यास पडदाही लागत नाही. प्रत्येक जण आपल्या विंडोजवरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने त्यात प्रवेश करतो. २०१९ पासून व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या संपादकातूनही दूरच्या संगणकावरील फाइली जणू जवळच असल्याप्रमाणे उघडता येतात. मेज विंडोजचेच राहते, कार्यशाळा मात्र निखळ लिनक्सची होते.

या पाचांखेरीज कंटेनर हा एक प्रकार २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून रूढ झाला आहे. त्याला सहावा मार्ग समजू नये. लिनक्सचा कंटेनर लिनक्स कर्नलच्याच आधाराने चालतो, म्हणून विंडोजवर त्याच्याखाली तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या मार्गाने आलेला लिनक्स असावाच लागतो. त्याचे खरे मोल वेगळे आहे. कार्यशाळेत कोणती हत्यारे, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या क्रमाने मांडावयाची याची कृती एका लहान मजकुरात लिहून ठेवता येते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, विंडोजवर बसवण्याच्या डॉकर डेस्कटॉपसाठी मोठ्या कंपन्यांना २०२१ पासून शुल्क द्यावे लागते.

दहा वर्षांनंतरचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार गती व सोय यांचा झाला. परंतु उपकरणाचे आयुष्य मेजावरील संगणकापेक्षा मोठे असते. विजेच्या उपकेंद्रात किंवा पाण्याच्या टाकीवर बसवलेली नोंदीची पेटी दहा-पंधरा वर्षे तेथेच राहू शकते. तेवढ्या काळात कार्यालयातील संगणक बदलतात, विंडोजच्या आवृत्त्या बदलतात आणि माणसेही बदलतात. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. २०१५ मध्ये ती आली तेव्हा बसवलेली कित्येक उपकरणे त्यानंतरही कामावर राहिली.

अशा उपकरणात दोष निघाला तर काय होते, याचा धडा एप्रिल २०१४ मध्ये मिळाला. ओपनएसएसएल ही गुप्त संभाषणासाठी जगभर वापरली जाणारी लायब्ररी. तिच्यात हार्टब्लीड या नावाने ओळखला जाणारा दोष उघड झाला. त्यामुळे बाहेरच्या कोणालाही एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृतीचा भाग वाचता येत होता आणि त्यात गुप्त किल्ल्याही सापडू शकत होत्या. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. परंतु उपकरणांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. दुरुस्त लायब्ररी घेऊन, त्या उपकरणासाठी, त्याच कंपायलरने, त्याच मांडणीने नवी इमेज बांधावी लागते. ज्या इंजिनिअरने मूळ इमेज आपल्या संगणकावर हाताने जुळवली तो नोकरी सोडून गेला असेल आणि तो संगणक पुसून दुसऱ्याला दिला गेला असेल, तर ही दुरुस्ती कोणीच करू शकत नाही. पेटी चालू राहते, तिचे दार मात्र उघडे राहते.

कायद्याचीही एक बाजू आहे. लिनक्स कर्नल ज्या जीपीएल परवान्याखाली दिला जातो, तो उपकरण विकणाऱ्यावर मूळ आज्ञावली उपलब्ध करून देण्याचे बंधन घालतो. त्या मूळ आज्ञावलीत ती बांधण्यासाठी व बसवण्यासाठी लागणाऱ्या आज्ञांच्या याद्याही येतात. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीने आपल्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची मूळ आज्ञावली लोकांच्या मागणीनंतर प्रसिद्ध केली आणि तिच्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आपली इमेज कशी बांधली हे ज्या कार्यालयाला स्वतःलाच सांगता येत नाही, ते हे बंधन कसे पाळणार?

म्हणून निवडीची खरी कसोटी अशी की, दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या संगणकावर, दहा वर्षांनी तीच इमेज पुन्हा बांधता आली पाहिजे. या कसोटीस उतरणारा कोणताही मार्ग चांगला. न उतरणारा मार्ग कितीही जलद असला तरी तो उसनवारीचाच समजावा.

निवड कशी करावी

समजा, एका कार्यालयात चार माणसे अशी नोंदीची पेटी तयार करीत आहेत. दोघे तिच्यावरील आज्ञावली लिहितात, एक कर्नल व बूटलोडर पाहतो, चौथा बोर्डांची चाचणी घेतो. त्यांना पाचवा मार्ग सर्वांत योग्य ठरेल. एक स्वतंत्र लिनक्स संगणक असावा, त्यावरील हत्यारांची मांडणी कंटेनरच्या कृतीत लिहिलेली असावी आणि ती कृती मूळ आज्ञावलीबरोबरच गिट या आवृत्ती-संग्रहात ठेवावी. चौघांच्या मेजांवर विंडोज राहू द्यावी. बोर्डाशी बोलणारी सीरियल जोडणीही विंडोजवरच ठेवता येते. पुट्टी किंवा टेरा टर्म यांसारखी आज्ञावली घेऊन, बहुतेक बोर्डांना लागणारी ११५२०० ही गती निवडली की पुरे.

काम करणारा एकटाच असेल आणि वेगळ्या संगणकासाठी पैसे नसतील, तर तिसरा किंवा चौथा मार्ग धरावा. बोर्ड नेटवर्कवरून सुरू करावयाचा असेल किंवा यूएसबीची सतत गरज असेल, तर आभासी संगणक अधिक सोयीचा पडतो. केवळ इमेज बांधून कार्डावर उतरवावयाची असेल, तर डब्ल्यूएसएलची दुसरी पिढी पुरते. मात्र तिची सारी जागा एका मोठ्या फाइलीत असते आणि एका आज्ञेने ती नाहीशी होऊ शकते. कार्यालयाच्या राखीव प्रतींत ती फाइल येते की नाही, याची आधीच खात्री करून घ्यावी. आज्ञांच्या याद्यांतील ओळींच्या शेवटची चिन्हे लिनक्सच्याच पद्धतीची राहावीत, असा नियमही गिटमध्ये पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

देखभाल विभागाशी बोलणे हाही निवडीचाच भाग आहे. त्या विभागाला चुकवून केलेली व्यवस्था आज ना उद्या मोडते. काय हवे ते लेखी व नेमके मागावे. आभासी संगणक चालवण्याची परवानगी हवी असेल तर ती, कामाच्या एकाच जागेपुरती तपासणीतून सूट हवी असेल तर ती आणि राखीव प्रतींत समावेश. एक गोष्ट त्या विभागाने न सांगताही पाळावी. बोर्डांना पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर कार्यालयाच्या नेटवर्कवर कधीही सुरू करू नये. तसे केल्यास शेजारच्या खोलीतील संगणकांना चुकीचे पत्ते मिळून साऱ्यांचेच काम बंद पडते. यजमानास दुसरे नेटवर्क कार्ड व एक लहानसा स्विच जोडून बोर्डांचे नेटवर्क वेगळे ठेवणे हा यावर स्वस्त उपाय आहे.

बिल्डरूट व योक्टो मूळ आज्ञावल्या इंटरनेटवरून उतरवून घेतात. आज जेथे त्या मिळतात, तेथे दहा वर्षांनी मिळतीलच असे नाही. म्हणून उतरवलेल्या सर्व मूळ प्रती स्वतःपाशी जपून ठेवाव्यात. दोन्ही साधनांत त्यासाठी एक नेमलेला फोल्डर असतो. वितरित केलेल्या प्रत्येक इमेजसोबत कोणती आवृत्ती, कोणती मांडणी व कोणता कंटेनर यांची नोंद असावी.

शेवटी परीक्षा घ्यावी. कार्यालयात नव्याने आलेल्या सहकाऱ्यास एक कोरा संगणक द्यावा, लेखी सूचना द्याव्यात आणि इमेज बांधावयास सांगावे. तोंडी मदत कोणीही करू नये. तो जेथे अडेल, तेथे सूचनेत उणीव आहे असे समजून ती तेथल्या तेथे दुरुस्त करावी. मग तयार झालेली इमेज बोर्डावर चढवून पाहावी. ही परीक्षा वर्षातून एकदा घेणाऱ्या कार्यालयाला आपली कार्यशाळा विंडोजवर आहे की लिनक्सवर, याची फारशी चिंता करावी लागत नाही. दूरच्या उपकेंद्रातील पेटीत दोष निघाल्याचा निरोप आला, की त्या दिवशी हजर असलेला कोणीही मनुष्य ती दुरुस्त करू शकतो.